पान सत्त्याण्णव

दिनकरराव हसले तेव्हा सितारामला आधी वाटलं, आपल्या तोंडून एखादा 'न्हाई' नाही तर 'व्हतं' निसटलं. ते त्याचं जुनं भय होतं. गावाकडची बोली कितीही दाबून धरली तरी चारचौघांत बोलायला उभं राहिलं की नेमकी डोकं वर काढते, हे त्याला शाळेपासून ठाऊक होतं. म्हणून त्यानं मागची दोन वाक्यं मनातल्या मनात पुन्हा तपासली. ती धुतलेल्या भांड्यासारखी स्वच्छ होती. दिनकररावांनी तर बोलण्याकडे लक्षच दिलं नव्हतं. त्यांनी सितारामच्या हातातलं पुस्तक मागून घेतलं होतं, मधूनच उघडलं होतं, आणि शिवणीवर अंगठा फिरवीत ते हसत होते. वाईट हसणं नव्हतं ते. वकिली मुलाच्या हवाली करून वाचनालयाचं कार्यवाहपद घेतलेला माणूस शाळेतल्या बक्षीस समारंभात हसतो, त्या जातीचं होतं. "अहो सितारामजी," ते म्हणाले, "हे एक पुस्तक नाहीच मुळी. ही दोन आहेत. एकाचं धड नि दुसऱ्याचे पाय!" आणि मग सगळी खोली हसली. खोली म्हणजे वीस-बावीस माणसं, पण हसताना माणसं मोजायची नसतात.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी वाचनालयात ही बैठक भरायची. चार-पाच वाचकांनी उठून वर्षभरात वाचलेल्यातलं सगळ्यांत आवडतं पुस्तक सांगायचं, मग चहा आणि चिवडा. जे पुस्तक मंडळींना पटेल ते दाराशी असलेल्या काचेच्या कपाटात पुढचं वर्षभर उभं राहायचं, खाली वाचकाच्या नावाची चिठ्ठी लावून. परभणीत वाचनाची हौस असलेला जो तो आत शिरताना आधी त्या कपाटाकडे बघायचा. आजवर तिथं निवृत्त हेडमास्तरांचे ललित निबंध उभे राहिले होते, डॉक्टरांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या उभ्या राहिल्या होत्या, एकदा गीतेवरचं भाष्यही. कालव्याच्या ऑफिसातला कारकून सिताराम लिंबाजी खंदारे आठ वर्षं मागच्या बाकावर बसून हे ऐकत आला होता. यंदा ग्रंथपाल किशनरावांनी आपण होऊन त्याला म्हटलं, "तुम्हीही बोला की. तुमच्याइतकं वाचतंय कोण?" त्या एका वाक्यावर तो महिनाभर जगला होता. त्याचं नाव त्या काचेमागं लागावं, एवढीच त्याची इच्छा होती. दुसऱ्या कुणाला ती क्षुल्लक वाटेल. वाटू द्या. ज्यांची नावं दगडावर कोरलेली असतात त्यांना चिठ्ठीची किंमत कळत नाही.

तो वाचायचा ते एकाच तऱ्हेचं. दुसऱ्या ग्रहांवरचं, पाताळातलं, यंत्रांचं, जादूगारांचं, जे आहे त्याच्या पलीकडचं कसलंही. असली पुस्तकं वाचनालयात खिडकीखालच्या शेवटच्या फळीवर होती. 'भुताटकीचं कपाट' म्हणायचे त्याला. पावसाचं पाणी आत आलं की पहिल्यांदा त्या फळीवर यायचं आणि वाळवीही तिथूनच सुरुवात करायची. विद्वानांच्या पुस्तकांना वाळवीसुद्धा उशिरा लागते. या वर्षी त्यानं त्या फळीवरचं उरलंसुरलं सगळं वाचून काढलं. पृथ्वीवरचं पाणी आटल्यावर शिड्या लावून ढगात विहिरी खणणाऱ्या माणसांची गोष्ट त्यानं दोनदा वाचली. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, खडी फोडून आलेले त्याच्या बायकोच्या, गीताबाईच्या, तळहातावरचे घट्टे अजून गेले नव्हते, आणि त्या पुस्तकातल्या माणसांना विहिरीवरून ढकलून देणारं कुणी वर नव्हतं. एका यंत्रात मेलेल्या म्हाताऱ्याचा आवाज साठवून ठेवतात आणि त्याची मुलं रोज संध्याकाळी त्या आवाजाशी भांडतात, तीही गोष्ट त्याला चटका लावून गेली. झोपलेल्या राक्षसाच्या नखाखाली वसलेलं एक गाव होतं. तिथले लोक राक्षस जागा होईल म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कुजबुजत बोलतात. ती कादंबरी शेवटी ढिली पडली होती, तरी पहिली चाळीस पानं त्याला आपल्या गावाची, झरीची, आठवण देत राहिली. या तिन्हींविषयी तो बैठकीत थोडं थोडं बोलला. आणि मग म्हणाला, "पण वर्षातलं सगळ्यांत थोर पुस्तक हे."

ते पुस्तक हातात आलं तेव्हाच त्याला कण्यावरची हिरवी कापडी पट्टी ओळखू आली होती. गीताबाईच्या जुन्या लुगड्याची होती ती. म्हणजे जिल्द दादांनी बांधलेली. दादा म्हणजे त्याचे वडील, लिंबाजी. जन्मभर जिनिंगमध्ये हमाली केली, मोटारींवर रुईच्या गठाणी चढवल्या, आणि अंग थकल्यावर स्टेशनाजवळच्या एका म्हाताऱ्या जिल्दसाजाच्या हाताखाली बसून खळ, पुठ्ठा, दाभण हे नवं काम शिकले. वाचनालयाची फाटकी पुस्तकं ते दुपारच्या वेळी मागच्या पडवीतून घेऊन जायचे नि बांधून आणून द्यायचे. सिताराम ऑफिस सुटल्यावर पुढच्या दारानं यायचा. बापलेकांची तिथं कधी गाठ पडली नाही. बाइंडर लिंबाजी हा आपला बाप, हे सितारामनं वाचनालयात लपवलं होतं असं नाही. कुणाला सांगितलं नव्हतं, इतकंच. लपवणारे असंच म्हणतात. किशनरावांना मात्र ते माहीत होतं. सभासदाच्या कार्डावर बापाचं नाव असतं आणि ग्रंथपाल कार्ड वाचतो.

पुस्तकाला मुखपृष्ठ नव्हतं, लेखकाचं नावही वाळवीनं खाल्लेलं. अच्युत नावाचा एक तरुण शास्त्रज्ञ यानात बसून निघतो, चंद्र मागं टाकतो, मग दिवस-रात्रच नसलेल्या धुक्यात शिरतो. शहाण्णवाव्या पानाच्या तळाशी वाक्य होतं, 'अच्युतने यानाचे दार उघडले आणि बाहेर पाऊल टाकले.' आणि सत्त्याण्णवावं पान सुरू व्हायचं, 'चित्रांगाच्या पायांखाली निळी वाळू होती.' पहिल्यांदा वाचताना सिताराम थबकला. मग त्याच्या अंगावर काटा आला. नाव गळून पडलं होतं! दार ओलांडताना यान, घड्याळ, कोट मागं राहावा तसं नावही मागं राहिलं, आणि लेखकानं त्याविषयी एक अक्षर बोलायची गरज मानली नव्हती. पुढं त्या निळ्या वाळूच्या देशात चित्रांग पाणी मागतो तेव्हा त्याला आधी पाणी देतात. कुठला, कुणाचा, हे कुणी विचारत नाही. तिथं नाव विचारणंच असभ्य. सिताराम चौदा वर्षांचा असताना दादा नागपूरला जाऊन आले होते. आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून दुधना नदीत सोडले, आणि झरीतल्या लोकांना सांगून टाकलं की आता आमी वेगळे. त्या दिवशी पोराला वाटलं होतं, आता आपलं नावही बदलणार. नाव बदललं नाही. शाळेत सितारामच राहिलं, गावात त्या नावाच्या पुढंमागं लोक जे जोडायचे तेही राहिलं, आणि मास्तरांच्या माठातलं पाणी वरूनच ओंजळीत पडत राहिलं. म्हणून हे पान त्याला वाचता वाचता जखमेसारखं आणि औषधासारखं दोन्ही लागलं. बैठकीत त्यानं पाण्याच्या माठाचा उल्लेख केला नाही, तेवढं शहाणपण त्याला होतं. तो इतकंच म्हणाला, "आपल्या भाषेत इतकी मोठी उडी मी वाचली नाही. माणूस नव्या जगात गेला की जुन्या नावानं त्याला हाक मारता येत नाही, हे लेखकानं एका कोऱ्या जागेत सांगितलंय." आणि तेव्हाच दिनकररावांनी हात पुढं केला होता, "बघू बघू."

दिनकररावांनी दोन्ही पुस्तकं लहानपणी वाचली होती. असली माणसं सगळं लहानपणीच वाचून ठेवतात. "तो अच्युत," ते डोळे पुसत म्हणाले, "दार उघडून बाहेर पाऊल टाकतो आणि पलंगावरून खाली पडतो! स्वप्न असतं ते. मग प्रोफेसरांच्या मुलीशी त्याचं लग्न होतं. आणि हा चित्रांग म्हणजे राजपुत्र. त्याला शाप असतो, कुणी त्याचं नाव उच्चारलं की तो दगड होणार. म्हणून बिचारे नाव विचारत नाहीत!" डॉक्टर म्हणाले, "पण उडी मोठी होती हो!" पुन्हा खोली हसली. सिताराम उभाच होता. त्याला दिसलं की खिडकीखालच्या त्या फळीवरची सगळी पुस्तकं एकाएकी शाळकरी पोरांची झाली आहेत आणि आपण बत्तीस वर्षांचे आहोत. ती निळी वाळू कुणी पायाखालून ओढून घेतली असती तर इतकं वाटलं नसतं. ती तिथं कधी नव्हतीच म्हणाले ते. आणि नेमकं त्याच वेळी दिनकररावांनी पुस्तक उलटंपालटं करून विचारलं, "पण बांधलंय मात्र झकास. कुणी बांधलं हे, किशनराव?"

किशनरावांनी एकदा दाराकडे बघितलं आणि मग सितारामकडे. दाराशी, जिथं सगळ्यांच्या चपला होत्या तिथं उंबऱ्याला टेकून दादा बसले होते. पोरगं बोलणार म्हणून दुपारीच आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले होते. किशनरावांनी आत खुर्चीवर बोलावलं तेव्हा "इथंच बरं हाय" म्हणाले. किशनराव थांबले ते सितारामसाठी, हे सितारामला कळलं होतं. पुढं कितीही दिवस गेले तरी मला कळलं नव्हतं असं त्याला म्हणता येणार नव्हतं. तोंड उघडून 'माझ्या वडिलांनी' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. तो म्हणाला, "बांधणाऱ्याला अक्षर येत नसेल." आणि खोली तिसऱ्यांदा हसली. पण आता ती त्याला हसत नव्हती, त्याच्याबरोबर हसत होती. ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जावं तसं ते हसू त्याच्यावरून उठून दाराशी जाऊन बसलं, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं. एवढंच नाही. तो स्वतःही हसला.

मग हेडमास्तरांच्या निबंधांवर एकमत झालं, चिवडा आला, चहा आला. निघताना किशनरावांनी पुस्तक दादांच्या हातात दिलं. "लिंबाजी, ही दोन वेगळी करून आणा. एखादं अर्धं तरी ठेवायच्या लायकीचं आहे का बघतो." दादांनी ते पिशवीत घातलं आणि दोघं बापलेक स्टेशन रोडनं घराकडे निघाले.

दादांचा डावा कान गेलेला होता. जिनिंगच्या यंत्रांनी पंचवीस वर्षांत तो खाऊन टाकला होता. उजव्यानं बरं ऐकू यायचं. सिताराम रस्ताभर एकाच प्रश्नाला लटकून राहिला. उंबऱ्यावर बसताना दादांचा कुठला कान आत होता? उजवीकडे चपला होत्या की डावीकडे? पाठ चौकटीच्या कुठल्या बाजूला टेकली होती? तो उंबरा डोळ्यांपुढं आणायचा आणि दर वेळी म्हातारा वेगळ्याच तोंडानं बसलेला दिसायचा. ढगात विहिरी खणणारी माणसं ज्याला जशीच्या तशी दिसायची, त्याला घटकेपूर्वीचा बाप दिसेना. दादा नेहमीसारखे अर्धं पाऊल पुढं चालत होते. उन्हं उतरली होती, ज्वारीची धाटं भरलेल्या गाड्या बाजाराकडून येत होत्या, आणि दादांनी एका गाडीवाल्याला ओळखीचा हात केला. म्हणजे ऐकलं नसावं. ऐकलं असतं तर कुणाला हात करायचं सुचलं नसतं. मग लगेच वाटलं, का नाही सुचणार? हमालानं पाठीवर गठाण असताना रामराम घेतलेला त्यानं लहानपणी शंभरदा पाहिला होता.

रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत दोघं उभे राहिले. याच वर्षी, पावसाळ्याच्या संध्याकाळी, सिताराम घरी हे पुस्तक मोठ्यानं वाचायचा. गीताबाई भाकऱ्या थापता थापता ऐकायची. दादा उजवा कान त्याच्याकडे करून, डोळे मिटून बसायचे. निळ्या वाळूशी आल्यावर गीताबाईनं विचारलं होतं, "आन्‌ त्यो अच्युत कुठं गेला वो?" सितारामनं तिला समजावून सांगितलं, तोच हा, नाव तेवढं मागं राहिलं. तिला ते पटलं नव्हतं. "आसं कसं नाव मागं ऱ्हातंय," ती म्हणाली होती, "आपलं ऱ्हायलं का?" तो तिच्यावर चिडला होता. अडाण्याला कोरी जागा वाचता येत नाही, असं काहीबाही बोललाही होता. दादा मात्र डोळे न उघडता म्हणाले होते, "ऱ्हातंय पोरी. वाच रे तू पुढं." फाटकाशी उभं राहून सितारामला ते आठवलं. मालगाडी संपली. "चला," दादा म्हणाले. रस्त्यात बोललेला तेवढाच एक शब्द.

घरी गीताबाईनं विचारलं, "काय म्हणले मग लोक? आलं का तुमचं नाव काचंत?"

"बरी झाली बैठक," सिताराम म्हणाला. "हसले खेळले सगळे."

दादांनी अंगणात पोतं अंथरलं, पिशवीतून पुस्तक काढलं, दाभण आणि पत्तीचा तुकडा घेऊन बसले. दिवसाचा उजेड अजून होता. त्यांनी हिरवी पट्टी एका टोकानं भिजवली, सावकाश उचकटली, आणि कण्यातले दोरे एकेक करून कापायला लागले. सिताराम उंबऱ्यावर बसला आणि बघत राहिला. दादांचं बोट पानांच्या कोपऱ्यांवरून सरकत होतं. अक्षरांकडे ते बघतच नव्हते. कोपऱ्यातले आकडे बघत होते. गठाणींवर रंगवलेले आकडे जिनिंगच्या मुनीमानं त्यांना शिकवले होते, तेवढेच. तेव्हा कुठं सितारामला कळलं की हे झालं कसं. सोळा सोळा पानांचे फर्मे. वाळवीनं एका पुस्तकाचं पुढचं खाल्लेलं, दुसऱ्याचं मागचं. आकार एक, कागद तसाच पिवळा. एकाचा शेवटचा फर्मा शहाण्णवावर संपतोय, दुसऱ्याचा पहिला सत्त्याण्णवावर सुरू होतोय. म्हाताऱ्यानं ढिगातून आकड्याला आकडा जुळवला, आणि वाया गेलेल्या दोन वस्तूंची मिळून एक सबंध वस्तू केली. चूक अशी की ती वाचता येणाऱ्याच्या हातून झालीच नसती. आणि वर्षभरातली त्याची सगळ्यांत सुंदर गोष्ट लिहिणारा कुणी लेखक नव्हताच, तो इथं पोत्यावर बसून दोरे कापत होता.

"दादा," तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. मी किशनरावांना सांगतो. पुस्तकाची भरपाई देतो. ते आपल्याकडंच ऱ्हाऊ द्या, होतं तसं."

दादांनी मान वर केली नाही. डावा कान त्याच्याकडे होता. त्याला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून तो उठून उजवीकडे जाऊन बसला आणि तेच पुन्हा म्हणाला, "परत शिवा ते."

"आता न्हाई जमत," दादा म्हणाले. "एकदा उसवलं की भोकं मोठी व्हत्यात. दोरा धरत न्हाई." त्यांनी शेवटचा दोरा कापला. पुस्तक मधोमध उघडलं आणि दोन ठिकाणी झालं. अच्युतचा गठ्ठा त्यांनी डाव्या गुडघ्यापाशी ठेवला, चित्रांगाचा उजव्या. सत्त्याण्णवावं पान आता वर होतं, कोपऱ्यात खळीचा पिवळा डाग घेऊन.

"काय बघायलास?" ते म्हणाले. "जा, च्या घे."

सिताराम हलला नाही. आता सांगितलं पाहिजे, आत्ताच, गीताबाई आत आहे तोवर, असं त्याला वाटत होतं, आणि दादांना ऐकू आलंच नसेल तर उगाच कशाला, असंही वाटत होतं. त्या दुसऱ्या वाटण्याला तो इतका घट्ट धरून बसला होता की दादा बोलले तेव्हा त्याला क्षणभर अर्थ लागला नाही.

"बांधणाऱ्याला अक्षर येत न्हाई म्हणलास," दादा म्हणाले. आवाजात राग नव्हता. दोऱ्याचे तुकडे वेचून ते एका हातात गोळा करत होते. "खरंच हाय ते. म्या काय न्हाई म्हणणार. बाप हाय म्हणून सांगू नको, तुझी इज्जत हाय तिथं, मला कळतंय." त्यांनी सत्त्याण्णवाच्या आकड्यावर अंगठा ठेवला आणि तो डाग पुसून बघितला. तो निघाला नाही. "पर आकडा येतो म्हणून तरी सांगायचं व्हतंस रे. येवढं तरी."

आतून गीताबाईनं चहाला हाक मारली. दोघांनाही ती ऐकू आली, आणि दोघंही बसून राहिले.